कागदी लिंबू आणि झाडाची तहान

लिंबू हें फळ इतकें रोजच्या वापरांतलें आहे कीं, त्याच्याकडे निरखून पाहण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तें वरण-भातावर पिळलें जातें, पोह्यांच्या बशींत त्याची फोड येते, उन्हांतून आलेल्या पाहुण्यापुढें त्याचें सरबत येतें, आणि तापांतून उठलेल्या माणसाच्या तोंडाची गेलेली चव त्याच्या लोणच्यानें परत येते. पण मुलांनो, तुमच्या घरीं बाजारहाट करणाऱ्या माणसास विचारून पहा, म्हणजे तो लिंबाविषयीं एक चमत्कारिक गोष्ट सांगेल. भर पावसाळ्यांत जें लिंबू रुपया-दोन रुपयांस मिळतें, त्याच लिंबास एप्रिल-मे महिन्यांत तिप्पट-चौपट पैसे मोजावे लागतात. २०२२ सालच्या एप्रिल महिन्यांत तर अनेक शहरांत एकेका लिंबास दहा-दहा रुपये पडले. झाड तेंच, फळ तेंच, चवही तीच. मग भावांत एवढें अंतर कां पडावें?

‘उन्हाळ्यांत सरबत फार लागतें, मागणी वाढते, म्हणून भाव चढतो,’ असें उत्तर कोणीही देईल. तें खोटें नाहीं, परंतु तें अर्धेंच आहे. उन्हाळ्यांत मागणी वाढते हें शेतकऱ्यासही ठाऊक असतें. मग तो उन्हाळ्यांतच भरपूर लिंबें कां पिकवीत नाहीं? ह्या प्रश्नाचें उत्तर बाजारांत सांपडत नाहीं. तें झाडापाशीं जाऊन शोधावें लागतें. आणि तें शोधण्यास वऱ्हाडासारखा दुसरा प्रांत नाहीं. कारण अमरावती जिल्हा जसा संत्र्यांसाठीं, तसा अकोला जिल्हा लिंबांसाठीं नांवाजलेला आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. ‘लिंब’ आणि ‘लिंबू’ हे मराठींतले दोन शब्द एकमेकांसारखे दिसतात, पण तीं झाडें निराळ्या कुळांतलीं आहेत. लिंब म्हणजे कडुलिंब. गुढीपाडव्यास ज्याचा कोवळा पाला खातात तो. लिंबू म्हणजे हें आंबट फळ. वऱ्हाडांत पुष्कळ घरीं त्यास ‘निंबू’ असें म्हणतात. लिंबांतही जाती अनेक आहेत. आपण रोज वापरतों तें कागदी लिंबू होय. त्याची साल कागदासारखी पातळ असते, म्हणून तें कागदी.

ह्या लिंबाचे सगेसोयरे कोण? संत्रें, मोसंबी, पपनस, ईडलिंबू आणि महाळुंग हीं तर सख्खीं भावंडें दिसतातच. परंतु ज्याचीं पानें शंकरास वाहतात तो बेल, ज्याची चटणी करतात तें कवठ, आणि फोडणींत पडणारा कढीलिंब हेही त्याच कुळांतले आहेत, हें सांगितलें तर नवल वाटेल. ह्या कुळाची एक खूण आहे. लिंबाचें एक पान तोडून उजेडासमोर धरा. त्यांत सुईनें टोंचल्यासारखे बारीक बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या सुगंधी तेलानें भरलेल्या चिमुकल्या पिशव्या आहेत. पान चुरगाळलें कीं त्या फुटतात आणि वास दरवळतो. कढीलिंबाचें किंवा बेलाचें पान असेंच धरून पहा. तेथेंही हे ठिपके सांपडतील.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. लिंबाचें पान एकेरी दिसतें. पण त्याच्या देंठाकडे लक्ष द्या. देंठाच्या दोन्ही बाजूंस पानाच्याच अरुंद पट्ट्या आहेत, आणि जेथें देंठ पानास मिळतो तेथें बोटाच्या पेऱ्यासारखा एक सांधा आहे. खरोखर एकेरी असलेल्या पानास असा सांधा नसतो. बेलाच्या पानास तीन दलें असतात. लिंबाच्या पूर्वजांच्या पानांसही अशींच अनेक दलें होतीं. बाकीचीं नाहींशीं झालीं, एक उरलें, आणि तो सांधा तेवढा त्याची आठवण म्हणून राहिला, असें वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

पूर्वजांचा विषय निघाला आहे तर कागदी लिंबाचे आईबापही सांगून टाकूं. रानांत आपोआप झालेल्या संकरांतून हें झाड जन्मलें. आनुवंशिक द्रव्याची तुलना करून शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं दाखवून दिलें कीं, त्याचा पिता महाळुंग आहे, आणि माता फिलिपाइन्स बेटांकडील एक लहान फळांची रानटी जात आहे. महाळुंगाची साल जाड आणि रस थोडा. त्याच्या पोटीं पातळ सालीचें, रसानें ओथंबलेलें लिंबू यावें ही निसर्गाची करामतच म्हटली पाहिजे.

लिंबाच्या झाडाजवळ जाणारास पहिली सलामी मिळते ती कांट्याची. हा कांटा गुलाबाच्या कांट्यासारखा नव्हे. गुलाबाचा कांटा सालीवरचा असतो. बोटानें बाजूस दाबला तर सालीसह निघून येतो. लिंबाचा कांटा पानाच्या बगलेंतून, म्हणजे जेथून फांदी फुटावयाची तेथून निघतो, आणि त्याचें मूळ आंतल्या लांकडांत असतें. म्हणजे तो फांदीचेंच बदललेलें रूप आहे. बियांपासून वाढलेल्या तरुण झाडावर कांटे अधिक असतात. लिंबें तोडणाऱ्या बायामाणसांचे हात ह्या कांट्यांनीं ओरखडून निघतात. बाजारांतून आणलेल्या लिंबावर त्याची कांहीं खूण उरत नाहीं, म्हणून ती गोष्ट येथें सांगून ठेवलेली बरी.

लिंबाचें फूल लहान, पांढरें आणि सुवासिक असतें. मधमाश्या त्यावर येतात आणि परागकण इकडून तिकडे नेतात. आलेल्या सर्व फुलांचीं फळें होत नाहींत. बरींच फुलें आणि बरींच वाटाण्याएवढीं फळेंही गळून जातात. जीं टिकतात तीं तोडणीस येण्यास साधारण पांच-सहा महिने लागतात. हा आंकडा लक्षांत ठेवा. भावाचें कोडें सोडवितांना तो उपयोगीं पडेल.

आतां एक लिंबू आडवें कापा. बाहेर हिरवी-पिवळी साल, तींत तेलाच्या पिशव्या. तिच्या आंत पांढरा पातळ थर. आणि मधोमध चाकाच्या आऱ्यांसारख्या आठ-दहा फोडी. एखादी फोड सोलून पाहिली तर आंत रस मोकळा भरलेला नसतो, तर लांबट पिशव्यांत भरलेला असतो. ह्या पिशव्या म्हणजे फोडीच्या आंतल्या भिंतीवर उगवलेले केंसच आहेत. ते वाढतात, फुगतात आणि रसानें भरून जातात. सरबत पितांना आपण ह्या केंसांतलें पाणी पितों असें म्हटलें तर मुलें तोंड वांकडें करतील. पण ती गोष्ट खरी आहे.

सालींतल्या तेलाचा एक प्रयोग घरीं करतां येईल. एक रबरी फुगा चांगला फुगवून धरा आणि त्याजवळ लिंबाच्या ताज्या सालीचा तुकडा दुमडून दाबा. तेलाचे बारीक तुषार फुग्यावर पडले कीं फुगा फटकन् फुटतो. कारण त्या तेलांत रबर विरघळतें. रसाचा प्रयोग ह्याहून सोपा आहे. कपड्यावर पडलेल्या हळदीच्या डागास साबण लावला तर तो लाल होतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्या लाल डागावर लिंबू पिळा. तो पुन्हां पिवळा होईल. साबणाचा क्षार हळदीचा रंग बदलतो आणि लिंबाचें आम्ल तो परत आणतें. तांब्या-पितळेचीं भांडीं लिंबाच्या साली व मीठ लावून घांसतात, तेंही ह्याच आम्लाच्या बळावर. भांड्यावर चढलेली काळपट पुटें त्यांत विरघळतात. लिंबाच्या शंभर भाग रसांत सुमारे सहा-सात भाग हें आम्ल असतें. तें १७८४ सालीं कार्ल शेले नांवाच्या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञानें प्रथम वेगळें काढलें. एक सूचना मात्र पाळावी: पुष्कळ लिंबें पिळल्यावर हात न धुतां उन्हांत जाऊं नये. लिंबाच्या रसांत व सालींत अशीं द्रव्यें आहेत कीं, त्यांवर कडक ऊन पडल्यास कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग उठतात.

लिंबाची खरी थोरवी जगास कळली ती समुद्रावर. पूर्वीं युरोपांतील गलबतें महिनोन् महिने किनारा न पाहतां फिरत. खलाशांस खारवलेलें मांस आणि सुकीं बिस्किटें मिळत. ताजी भाजी नाहीं कीं फळ नाहीं. मग हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई, दांत हलूं लागत, भरलेल्या जखमा पुन्हां उघडत, आणि शेवटीं माणूस दगावे. ह्या रोगास स्कर्व्ही म्हणतात. १७४७ सालच्या मे महिन्यांत जेम्स लिंड नांवाच्या जहाजावरील वैद्यानें बारा आजारी खलाशी निवडले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. जेवण सर्वांस सारखें, पण औषध प्रत्येक जोडीस निराळें दिलें. एकीस शिरका, एकीस समुद्राचें पाणी, असें करतां करतां एका जोडीस रोज दोन संत्रीं आणि एक लिंबू दिलें. फळांचा साठा सहा दिवसांतच संपला; पण तेवढ्या अवधींत त्या जोडींतला एक जण कामावर जाण्याजोगा झाला आणि दुसरा इतर आजाऱ्यांची शुश्रूषा करूं लागला. लिंडनें हा वृत्तांत १७५३ सालीं छापला. तरी इंग्रजी आरमारानें खलाशांस लिंबाचा रस देण्याचें ठरविलें तें १७९५ सालीं. मधल्या बेचाळीस वर्षांत किती माणसें गेलीं असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

ह्या गोष्टीस पुढें एक वळण आहे, आणि तें आपल्या कागदी लिंबाशीं निगडित आहे. लिंडनें दिलेलें लिंबू म्हणजे लेमन, भूमध्य समुद्राकाठचें मोठें पिवळें फळ. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांनीं त्याच्या जागीं वेस्ट इंडीज बेटांतील लाइम, म्हणजे आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचें फळ, वापरण्यास आरंभ केला. तें अधिक आंबट, तेव्हां अधिक गुणकारी, अशी समजूत होती. पण १९१८ सालीं लंडन येथें हॅरिएट चिक ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं दोन्ही रसांची तुलना केली, तेव्हां स्कर्व्ही बरी करण्याच्या कामीं लाइमचा ताजा रस लेमनच्या सुमारे चौथाई गुणाचा ठरला, आणि बाटल्यांत भरून ठेवलेल्या रसांत तर गुण जवळजवळ उरलेलाच नव्हता. रोग बरा करणारी वस्तु आंबटपणा नव्हती. ती होती क जीवनसत्त्व. हंगेरींतील शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-जॉर्जी ह्यांनीं तें १९२८ सालीं वेगळें काढलें, आणि १९३७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. शिजविल्यानें आणि सांठविल्यानें हें जीवनसत्त्व घटतें. म्हणून भाजी किंवा वरण चुलीवरून उतरविल्यानंतर लिंबू पिळावें, आधीं नव्हे. पालेभाजीवर पिळलेल्या लिंबाचा दुसराही फायदा आहे: भाजींतलें लोह अंगीं लागण्यास तें मदत करतें.

आतां बी. इतर बहुतेक झाडांच्या एका बीमधून एक रोप उगवतें. कागदी लिंबाच्या एका बीमधून पुष्कळदां दोन-तीन रोपें उगवतात. त्यांतलें एक फुलांच्या मीलनांतून झालेलें असूं शकतें; बाकीचीं आईच्याच अंगांतून घडलेलीं असतात, आणि म्हणून तीं हुबेहूब आईसारखीं निघतात. आंब्याची कोय लावली तर आंबा कसा निघेल ह्याचा बहुधा भरंवसा नसतो. कागदी लिंबाची बी लावली तर बहुधा तेंच लिंबू मिळतें. ह्याच गुणामुळें वऱ्हाडांत लिंबाच्या बागा पिढ्यान् पिढ्या बियांच्या रोपांवर उभ्या राहिल्या. अशा रोपास पहिलीं फळें धरण्यास मात्र चार-पांच वर्षें लागतात. तोंवर शेतकऱ्यानें झाडास पोसावयाचें आणि वाट पहावयाची.

ह्या वाट पाहण्याच्या काळांत झाडावर टपलेलेही पुष्कळ असतात. लिंबाच्या कोवळ्या पानावर एक सुंदर काळें-पिवळें फुलपाखरूं अंडीं घालतें. त्यांतून निघालेली अळी लहानपणीं पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला शिवत नाहींत. मोठी झाली कीं ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचलें तर मानेंतून दोन शिंगांसारखा नारिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दहा-बारा अळ्या मिळून लहान रोपाचा पाला दोन दिवसांत फस्त करतात. दुसरा शत्रु खैऱ्या रोग. हा सूक्ष्म जंतूंमुळें होतो; पानांवर, फांद्यांवर आणि फळांवर खरखरीत तपकिरी खवले उठतात. फळ आंतून चांगलें असतें, पण दिसावयास खराब, म्हणून त्यास भाव येत नाहीं. तिसरा शत्रु झाडाच्या पायापाशींच आहे, आणि तो कळण्यासाठीं वऱ्हाडची जमीन पाहिली पाहिजे.

वऱ्हाडची काळी जमीन कापसाची म्हणून प्रसिद्ध आहे. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते आणि दिवस दिवस ओली राहते. उन्हाळ्यांत ती आटते आणि तींत हात जाईल अशा भेगा पडतात. लिंबाचीं अन्न शोषणारीं मुळें बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात. पाणी तुंबलें तर तीं गुदमरतात, बुंध्यांतून डिंक गळूं लागतो आणि झाड हळूहळू वाळतें. ह्या रोगास डिंक्या म्हणतात. भेगा पडल्या तर तींच मुळें तुटतात. त्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून खारपाण पट्टा पसरलेला आहे. तेथील जमिनींत आणि विहिरींच्या पाण्यांत क्षार आहेत, आणि लिंबास क्षार मानवत नाहीं. म्हणून लिंबाच्या बागा जेथें पाण्याचा निचरा होतो आणि विहिरीचें पाणी गोडें आहे तेथेंच दिसतात. अकोला जिल्ह्यांत बाळापूर तालुक्यांत, पातूरच्या बाजूस, निर्गुणा नदीच्या काठीं वाडेगांव आहे. तेथील लिंबें आणि लिंबांचा बाजार दूरवर ठाऊक आहे. तेथून कट्टे भरभरून लिंबें परप्रांतीं जातात.

जमीन पाहिली, आतां मूळच्या कोड्याकडे वळूं. लिंबाचें झाड आपल्या हवेंत वर्षांतून तीन वेळां फुलतें. शेतकरी फुलोऱ्याच्या ह्या हंगामास बहार म्हणतात. आंब्यास मोहर येतो त्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारींत, येतो तो आंबिया बहार. त्याचीं फळें जूनपासून ऑगस्टपर्यंत निघतात. जूनमध्यें मृग नक्षत्राच्या पावसाबरोबर येतो तो मृग बहार. त्याचीं फळें हिंवाळ्यांत निघतात. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त नक्षत्राच्या सुमारास येतो तो हस्त बहार. आतां पांच-सहा महिन्यांचा तो आंकडा आठवा. हस्ताचीं फुलें सप्टेंबर-ऑक्टोबरांत. त्यांत सहा महिने मिळवा. मार्च, एप्रिल! उन्हाळ्यांतलें सरबताचें लिंबू तें हेंच. आणि अडचणही येथेंच आहे: झाडास आपल्या मर्जीनें सोडलें तर सर्वांत जास्त फुलें आंबिया बहारास येतात आणि सर्वांत थोडीं हस्त बहारास. ज्या काळीं लिंबू कोणास नको असतें त्या काळीं झाड लिंबांनीं लवतें, आणि ज्या काळीं सर्वांस हवें असतें त्या काळीं फांद्या रिकाम्या असतात.

झाडाकडून हव्या त्या वेळीं फुलें घेण्याची युक्ति शेतकऱ्यांस फार पूर्वींपासून ठाऊक आहे. तिला ताण देणें म्हणतात. पाणी तोडावयाचें. झाडास तहान लागते. नवी पालवी फुटणें थांबतें, पानें मलूल होतात, कांहीं पिवळीं पडून गळतात. वाढीकडे जाणारें अन्न फांद्यांतच सांठूं लागतें. अशा स्थितींत कांहीं आठवडे गेल्यावर खत घालून पुन्हां पाणी दिलें, म्हणजे जेथें नुसतीं पानें यावयाचीं तेथें कळ्यांचे घोस निघतात. तहानेनें कळ्यांची तयारी होते, आणि पाणी येतांच त्या उमलतात. पण हिशेब फार नाजूक आहे. हलक्या जमिनींत थोड्या दिवसांतच ताण बसतो, भारी काळ्या जमिनींत अधिक दिवस लागतात. ताण कमी पडला तर फुलें येत नाहींत; जास्त झाला तर फांद्या वाळतात, आणि कधीं कधीं पोसलेलें झाडच हातचें जातें. पाणी केव्हां तोडावें हें सांगतां येतें. केव्हां परत सोडावें हें झाडाच्या पानांकडे रोज पाहूनच ठरवावें लागतें.

आंबिया बहाराचा ताण हिंवाळ्यांत द्यावयाचा असतो. त्या वेळीं पाऊस बहुधा नसतो; विहिरीची मोट म्हणा, पंप म्हणा, बंद ठेवला कीं काम झालें. हस्त बहाराचा ताण मात्र ऑगस्ट-सप्टेंबरांत द्यावा लागतो. तेव्हां आभाळ भरलेलें असतें. शेतकरी आपलें पाणी तोडील. आभाळाचें पाणी कसें तोडणार? नेमक्या त्या दिवसांत पावसानें पंधरा-वीस दिवस उघडीप दिली तर हस्त बहार साधतो. न दिली तर जमीन ओली राहते, झाडास तहान लागत नाहीं, आणि फुलांच्या जागीं पानें येतात. फुलें आलींच, तर त्यांचीं फळें भर उन्हाळ्यांत पोसावीं लागतात, आणि तेव्हां वऱ्हाडांतल्या विहिरी तळास गेलेल्या असतात. म्हणजे एकाच बहारासाठीं शेतकऱ्यास पावसाळ्यांत पाणी नको असतें आणि उन्हाळ्यांत हवें असतें. आणि निसर्ग बहुधा ह्याच्या उलट देतो.

२०२२ सालच्या महाग लिंबांचें कारण आतां सहज कळेल. २०२१ सालीं महाराष्ट्रांत सप्टेंबर-ऑक्टोबरांतही पाऊस भरपूर पडत राहिला. ताण बसला नाहीं, आणि हस्त बहार बहुतेक ठिकाणीं फुकट गेला. हिंवाळ्यांत अवकाळी पावसानें आंबिया बहारासही धक्का दिला. त्यावर २०२२ चा मार्च महिना आला. १९०१ पासूनच्या नोंदींत भारतांत इतका तापलेला मार्च महिना झाला नव्हता. कडक उन्हानें लहान फळें गळलीं. ज्या सालीं सरबताची गरज सर्वांत मोठी, त्याच सालीं फांद्या रिकाम्या राहिल्या. दहा रुपयांचा भाव पाहून शेतकऱ्याची चंगळ झाली असें शहरांत पुष्कळांस वाटलें. पण ज्याच्या झाडावर फळच नाहीं, त्यास भावाचा उपयोग काय? आणि त्याच शेतकऱ्याचीं झाडें पावसाळ्यांत लिंबांनीं वांकलीं, म्हणजे भाव इतका उतरतो कीं, कधीं कधीं तोडणीची मजुरी सुद्धां निघत नाहीं आणि फळें झाडाखालीं पिवळीं पडून राहतात.

ह्यावर उपाय शोधण्याचें काम वऱ्हाडांतच चाललें आहे. अकोल्यास १९६९ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें. अमरावती जिल्ह्यांतील पापळ ह्या गांवीं जन्मलेले आणि पुढें स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांचें नांव त्यास दिलें आहे. ह्या विद्यापीठानें ‘चक्रधर’ नांवाचें लिंबू काढलें आहे. त्याच्या झाडास कांटे नाहींत आणि फळांत बिया नाहींत. बिया नाहींत तर नवीं झाडें कशीं करावयाचीं, असें कोणी चतुर मुलगी विचारील. तीं डोळा भरून, म्हणजे दुसऱ्या रोपावर कलम करून, करावीं लागतात. हस्त बहारासाठीं तीन फवाऱ्यांची पद्धतही सुचविलेली आहे: जूनमध्यें एका औषधानें त्या वेळचा फुलोरा अडवावयाचा, सप्टेंबरांत दुसऱ्यानें पालवीची वाढ रोखावयाची, आणि ऑक्टोबरांत तिसऱ्यानें कळ्यांस चालना द्यावयाची. म्हणजे तहानेचें काम थोडेंफार औषधाकडून करून घ्यावयाचें. उन्हाळ्यांत नळ्यांतून थेंब थेंब पाणी मुळांशीं सोडून फळें पोसतात. तरी ह्या सर्वांनीं धोका कमी होतो. नाहींसा होत नाहीं.

घरांत बसून आपणांस करतां येण्याजोगेंही एक काम आहे, आणि तें आपल्या आज्या करीतच आल्या आहेत. लिंबें स्वस्त असतील तेव्हां तीं भरपूर घेऊन लोणचें घालावें. मीठ आणि लिंबाचें स्वतःचें आम्ल ह्यांमुळें तें वर्ष वर्ष टिकतें. पावसाळ्यांत घरोघर चार लिंबें जास्त घेतलीं गेलीं तर झाडाखालीं सडणारीं तेवढीं थोडीं कमी होतील, आणि उन्हाळ्यांत बाजारावर पडणारा भारही हलका होईल.

मुलांनीं मात्र ह्याहून अधिक करावें. पिकल्या लिंबाच्या दोन-चार ताज्या बिया धुऊन लगेच कुंडींत एक बोटभर खोल लावाव्या. वाळलेली बी बहुधा उगवत नाहीं. दोन-चार आठवड्यांत कोंब दिसतील. एका बीमधून किती कोंब निघाले तें मोजून लिहून ठेवावें. ज्यांच्या घरीं किंवा शेजारीं लिंबाचें मोठें झाड असेल, त्यांनीं एक लहान वही करावी. तींत पाऊस केव्हां पडला, केव्हां उघडला, कळ्या कोणत्या आठवड्यांत दिसल्या, किती गळल्या, पहिलें फळ केव्हां तोडलें, एवढें तारखेसह टिपावें. दोन वर्षें अशी वही ठेवणारास पुढल्या एप्रिलांत लिंबू स्वस्त होणार कीं महाग, हें ऑक्टोबरांतच पुष्कळसें सांगतां येईल.